नामसंघर्ष, घरगुती संगणक-जाळ्यातील

घरातील एकाच संगणक-जाळ्याला जोडलेल्या दोन वा अधिक यंत्रांनी एकच नाव धारण केले म्हणजे जी संदिग्धता निर्माण होते, तिला नामसंघर्ष म्हणतात. यंत्र सुरू होताच ‘जाळ्यावर हे नाव आधीच अस्तित्वात आहे’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येणे, हे त्याचे सर्वांत परिचित लक्षण होय. तथापि पुष्कळदा अशी सूचना येतच नाही. एखादी फाइल भलत्याच संगणकावर जाते, प्रिंटर सापडेनासा होतो किंवा काल उघडलेली सामाईक पेटी आज उघडत नाही. आणि वापरणाऱ्याला दोष यंत्राचा की जाळ्याचा, हे कळत नाही.

हा दोष वरवर किरकोळ वाटला, तरी त्याचे परिणाम किरकोळ असतातच असे नाही. विंडोज कार्यप्रणालीत संपूर्ण संगणकाची प्रतिमा जाळ्यावरील सामाईक तबकडीवर राखून ठेवण्याची सोय आहे. तीत प्रत्येक संगणकाच्या नावाची एक पेटी तयार होते व त्या संगणकाची प्रत तीत साठविली जाते. दोन संगणकांचे नाव एकच असेल आणि दोन्हींच्या प्रती एकाच जागी ठेवल्या जात असतील, तर एकाची प्रत दुसऱ्याच्या प्रतीवर लिहिली जाते. कुटुंबातील छायाचित्रे, हिशेब वा लेखन सुरक्षित आहे अशी समजूत असताना प्रत्यक्षात दोहोंपैकी एकाच संगणकाची प्रत शिल्लक राहते. ही गोष्ट लक्षात येते, ती बहुधा मूळ संगणक बिघडल्यावर. नामसंघर्षाचे निदान वेळीच करणे इष्ट ठरते, ते यासाठी.

नाव आणि पत्ता : जाळ्यावरील प्रत्येक यंत्राची ओळख तीन प्रकारांनी होते. पहिली ओळख म्हणजे जाळ्याशी जोडणाऱ्या भागाचा यांत्रिक पत्ता. हा ४८ बिटांचा असतो व सामान्यतः कारखान्यातच दिला जातो. दुसरी ओळख म्हणजे १९२.१६८.१.५ यासारखा आकडी पत्ता. घरगुती जाळ्यात तो बहुधा राउटर ठराविक मुदतीपुरता नेमून देतो. तिसरी ओळख म्हणजे यंत्राचे नाव. माहितीची प्रत्यक्ष ने-आण पत्त्यांच्या आधारे होते. नाव असते ते माणसांच्या सोयीसाठी. पत्ता बदलला तरी नाव टिकून राहावे व त्या नावावरून सध्याचा पत्ता शोधता यावा, हा नामपद्धतीचा हेतू असतो.

यावरून दोन दोषांमधील भेद स्पष्ट होतो. दोन यंत्रांना एकच आकडी पत्ता मिळाला, तर त्यास पत्तासंघर्ष म्हणतात. त्यात एका वा दोन्ही यंत्रांचा जाळ्याशी संपर्कच तुटतो. नामसंघर्षात मात्र संपर्क शाबूत असतो. बिघडतो तो केवळ नावाचा पत्त्याशी असलेला संबंध. म्हणून महाजालावरील संकेतस्थळे विनासायास उघडत असूनही शेजारच्या खोलीतील संगणक सापडत नाही, असा विपरीत अनुभव येतो.

इतिहास : संगणकांना नावे देण्याचा प्रश्न जाळ्यांइतकाच जुना आहे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील यंत्रांची नावे व पत्ते यांची एकच अधिकृत यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट येथील माहिती केंद्रात ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर या त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे नाव घ्यावयाचे असल्यास या केंद्राकडे नोंद करावी लागे आणि इतर यंत्रे तेथील यादीची प्रत उतरवून घेत. जाळे वाढल्यावर ही रीत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी श्रेणीबद्ध नामपद्धतीची आखणी प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक नामक्षेत्राची जबाबदारी वेगवेगळ्या नोंदणीदारावर सोपविलेली असते. महाजालावरील नावे आजही याच पद्धतीने चालतात.

या दोन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान होती : नाव देणारा कोणी तरी अधिकारी होता. खोलीभर वा घरभर पसरलेल्या लहान जाळ्यांत असा अधिकारी नेमणे व्यवहार्य नव्हते. त्यामुळे तेथे नाव स्वतःच घ्यावे आणि ते कोणाचे नाही ना, हे इतरांना विचारावे, अशी पद्धत रूढ झाली. आयबीएमच्या संगणक-जाळ्यासाठी सायटेक या कंपनीने १९८३ मध्ये तयार केलेली नेटबायॉस ही व्यवस्था या तत्त्वावर आधारलेली होती. ॲपल कंपनीच्या १९८५ मधील ॲपलटॉक या जाळ्यातही यंत्रे नावे व पत्ते आपापसांत विचारून ठरवीत. १९८७ मध्ये नेटबायॉस व्यवस्था महाजालाच्या संदेशन-नियमांवर कशी चालवावी, याची प्रमाण नियमावली प्रसिद्ध झाली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमुळे ती घरोघरी पोहोचली. ॲपलने २००२ मध्ये रांदेव्हू या नावाने नवी पद्धत आणली. तिला २००५ मध्ये बॉन्जूर हे नाव देण्यात आले. तिच्यामागील बहुप्रेषण नामपद्धतीचे नियम स्ट्यूअर्ट चेशर व मार्क क्रोकमल यांच्या नावे २०१३ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले.

नेटबायॉस पद्धती : या पद्धतीत नाव १६ बाइटांचे असते. मायक्रोसॉफ्टच्या योजनेत पहिले १५ बाइट नावासाठी असून सोळावा त्या नावाने कोणती सेवा मिळते, हे दर्शवितो. सुरू होणारे यंत्र ‘मी हे नाव घेत आहे’ असा संदेश जाळ्यातील सर्वांना उद्देशून पाठविते. पाव सेकंदाच्या अंतराने तो तीनदा पाठविला जातो. कोणीही हरकत न घेतल्यास नाव आपले झाले, असे ते यंत्र समजते. ज्याच्याकडे ते नाव आधीपासून असेल, ते यंत्र नकारार्थी उत्तर पाठविते. मग नव्या यंत्राला त्या नावाचा वापर करता येत नाही व पडद्यावर सूचना उमटते.

या पद्धतीत नावे दोन प्रकारची असतात. एक नाव एकाच यंत्राचे असते, तर दुसऱ्या प्रकारचे नाव अनेक यंत्रांना मिळून वापरता येते. संगणकाचे नाव पहिल्या प्रकारात व कार्यगटाचे नाव दुसऱ्या प्रकारात मोडते. त्यामुळे संगणकाला कार्यगटाचेच नाव दिल्यासही संघर्ष होतो, मग त्या नावाचा दुसरा संगणक घरात नसला तरी.

बहुप्रेषण नामपद्धती : हिच्यात नावाच्या शेवटी ‘लोकल’ हा शब्द असतो. यंत्र आपले नाव पक्के करण्यापूर्वी २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर पाव सेकंदाच्या अंतराने तीन चौकश्या पाठविते. दोन यंत्रे एकाच वेळी एकच नाव मागत असतील, तर त्यांच्या नोंदींची ठराविक क्रमाने तुलना होऊन एक माघार घेते. नाव दुसऱ्याचे आहे असे कळल्यास यंत्र सामान्यतः स्वतःच्या नावापुढे २, ३ असा अंक जोडून पुन्हा प्रयत्न करते. दहा सेकंदांत १५ वेळा संघर्ष झाल्यास पुढील प्रत्येक प्रयत्नापूर्वी किमान पाच सेकंद थांबावे, असा नियम आहे. लिनक्स कार्यप्रणालीत हेच कार्य अवाही नावाची आज्ञावली करते. रास्पबेरी पाय या लहान संगणकाची प्रणाली प्रत्येक यंत्राला प्रारंभी एकच ठराविक नाव देते. त्यामुळे घरात असे दोन संगणक आणले की दुसऱ्याच्या नावापुढे ‘२’ लागलेला दिसतो.

राउटरमधील नोंद : पत्ता मागताना यंत्र आपले नावही राउटरला कळविते. पुष्कळ राउटर ते नाव टिपून ठेवतात व विचारणाऱ्याला पत्ता सांगतात. एकच नाव दोघांनी कळविल्यास काही राउटर नंतर आलेल्या यंत्राला ते नाव देतात आणि आधीच्या यंत्राची नोंद निनावी राहते. म्हणजे नेटबायॉसमध्ये आधी येणाऱ्याची सरशी होते, तर येथे नंतर येणाऱ्याची. एकाच घरात या तिन्ही पद्धती एकाच वेळी चालू असल्यामुळे एका संगणकावरून ते नाव एका यंत्राकडे, तर दुसऱ्या संगणकावरून दुसऱ्याच यंत्राकडे नेते, असेही घडते.

संघर्षाचे मूळ : वरील वर्णनावरून दिसून येईल की, पहिल्या दोन पद्धतींत नावाचे एकमेवत्व हे इतरांच्या मौनावर अवलंबून असते. मौन म्हणजे संमती, असे यंत्र धरून चालते. पण मौनाची कारणे वेगळीही असू शकतात. नावाचा खरा धारक त्या वेळी बंद असेल, निद्रावस्थेत असेल, प्रवासात असेल किंवा जाळ्याच्या दुसऱ्या भागात असेल, तर तो हरकत घेऊ शकत नाही. तो परत येतो तेव्हा त्याचे नाव गेलेले असते व तक्रारीची सूचना त्याच्याच पडद्यावर उमटते. सूचना ज्या यंत्रावर येते, ते यंत्र दोषी असतेच असे नाही. ते केवळ उशिरा आलेले असते. नामसंघर्षाच्या निदानात सर्वाधिक चुका ही गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

कारणे : व्यवहारात आढळणारी प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत : (१) एका संगणकाच्या तबकडीची हुबेहूब प्रत दुसऱ्यात बसविणे. प्रतीबरोबर नावही येते. आभासी संगणकाची प्रत काढल्यावरही असेच होते. (२) जुन्या संगणकाच्या जागी नवा आणताना सोयीसाठी त्याला जुनेच नाव देणे आणि पुढे जुना संगणक मुलांच्या अभ्यासासाठी पुन्हा सुरू करणे. (३) कारखान्यातून आलेले नाव न बदलणे. विंडोज १० पासून प्रणाली स्वतः जे नाव देते, त्यात ‘डेस्कटॉप’ वा ‘लॅपटॉप’ या शब्दापुढे काही यादृच्छिक अक्षरे व अंक असतात. त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. प्रिंटर, कॅमेरे, साठवण-यंत्रे इ. उपकरणांबाबत मात्र तो कायम आहे. (४) लांब नाव तोडले जाणे. ‘कुलकर्णी-संगणक-१’ व ‘कुलकर्णी-संगणक-२’ ही नावे रोमन लिपीत लिहिली, तर प्रत्येकी १९ अक्षरांची होतात. नेटबायॉस त्यांतील पहिली १५ अक्षरेच घेते, आणि ती दोन्हींत सारखीच आहेत. मालकाच्या दृष्टीने वेगळी असलेली नावे जाळ्याच्या दृष्टीने एकच ठरतात. (५) एकच यंत्र तारेने व वाय-फायने एकाच जाळ्याला एकाच वेळी जोडणे. अशा यंत्राला दोन पत्ते मिळतात व काही वेळा त्याचा स्वतःशीच संघर्ष होतो. (६) दोन जाळी एकत्र करणे. एकामागे एक असे दोन राउटर असताना त्यांच्यामागील यंत्रांना एकमेकांच्या हाका ऐकू जात नाहीत व समान नावे सुखाने नांदतात. दुसऱ्या राउटरचे रूपांतर साध्या वाय-फाय केंद्रात केले की सुप्त संघर्ष एकदम प्रकट होतो.

याशिवाय भासमान संघर्षही असतात. यंत्राचा पत्ता बदलल्यावरही त्याच्या जुन्या पत्त्याची नोंद इतर संगणकांच्या स्मृतीत काही काळ राहते. विंडोजमध्ये नेटबायॉसची अशी नोंद सामान्यतः दहा मिनिटे टिकते. बहुप्रेषण पद्धतीत यंत्राच्या पत्त्याच्या नोंदीची शिफारस केलेली मुदत दोन मिनिटांची आहे. ॲपलच्या काही उपकरणांत निद्रावस्थेतील संगणकाच्या वतीने उत्तर देण्याची सोय २००९ पासून करण्यात आली. तिच्यामुळे संगणक जागा होताना त्याचे नाव क्वचित त्याच्याच प्रतिनिधीकडे असल्याचे आढळते.

निदान : निदान करताना काहीही बदलण्यापूर्वी नाव सध्या कोणाकडे आहे, ते शोधावे. घाईने नावे बदलली किंवा सर्व यंत्रे एकदम बंद-चालू केली, तर पुरावा नाहीसा होतो. आणि पुढच्या वेळी यंत्रे वेगळ्या क्रमाने सुरू झाल्यास सूचना वेगळ्याच पडद्यावर येते. शोध पुढील क्रमाने घ्यावा.

(१) दोष नावाचाच आहे, याची खात्री करावी. जे यंत्र नावाने सापडत नाही, ते आकडी पत्त्याने सापडते का, हे ‘पिंग’ या आज्ञेने पाहावे. पत्त्याने सापडले व नावाने सापडले नाही, तर दोष नामपद्धतीत आहे. दोन्ही प्रकारे सापडले नाही, तर प्रथम जोडणी व सुरक्षा-भिंत तपासावी.

(२) कोणते नाव वादग्रस्त आहे, ते पाहावे. विंडोजमध्ये ‘एनबीटीस्टॅट’ ही आज्ञा ‘एन’ या पर्यायासह दिली असता त्या यंत्राने घेतलेल्या नेटबायॉस नावांची यादी दिसते व वादग्रस्त नावापुढे तशी खूण असते. वाद संगणकाच्या नावाचा आहे की कार्यगटाच्या नावाचा, हेही त्यातून कळते.

(३) प्रतिपक्षाचा पत्ता मिळवावा. विंडोजच्या घटना-नोंदवहीत ४३१९ वा ४३२१ या क्रमांकाची नोंद सापडल्यास ती काळजीपूर्वक वाचावी. ४३२१ क्रमांकाच्या नोंदीत कोणत्या आकडी पत्त्याच्या यंत्राने नाव घेऊ दिले नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. पडद्यावरील त्रोटक सूचनेत ही माहिती नसते, म्हणून ती बहुधा दुर्लक्षित राहते.

(४) पत्त्यावरून यंत्र ओळखावे. राउटरच्या व्यवस्थापन-पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तीत आकडी पत्त्यासमोर यांत्रिक पत्ता दिलेला असतो. यांत्रिक पत्त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून सामान्यतः उत्पादक कळतो आणि प्रिंटर व साठवण-यंत्रे यांच्या तळाशी संपूर्ण पत्ता छापलेला असतो. अलीकडील भ्रमणध्वनी मात्र खासगीपणाच्या हेतूने प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा, यादृच्छिक यांत्रिक पत्ता वापरतात. त्यांचा पत्ता त्या त्या उपकरणाच्या मांडणीतच पाहावा लागतो.

(५) एवढ्याने उलगडा न झाल्यास निर्णायक चाचणी करावी. तक्रार करणारे यंत्र पूर्ण बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि तिसऱ्याच संगणकावरून, त्याच्या स्मृतीतील जुन्या नोंदी पुसून, वादग्रस्त नावाला हाक द्यावी. उत्तर आले, तर त्या नावाचे दुसरे यंत्र खरोखर अस्तित्वात आहे व उत्तरातील पत्ता त्याचाच आहे. उत्तर आले नाही, तर घरातील निद्रिस्त यंत्रे जागी करून पुन्हा हाक द्यावी. तरीही उत्तर न आल्यास संघर्ष यंत्राच्या स्वतःच्याच दोन जोडण्यांमधील वा जुन्या नोंदीमुळे भासणारा असण्याचा संभव अधिक असतो. तारेची जोडणी काढून केवळ वाय-फायवर, व त्याच्या उलट, यंत्र चालवून पाहिले असता हे निश्चित होते.

निवारण : धारक सापडल्यावर दोहोंपैकी एका यंत्राचे नाव बदलावे लागते. कोणाचे बदलावयाचे, हे ठरविताना कोणते यंत्र आधीचे, यापेक्षा कोणत्या यंत्रावर इतरांची अधिक भिस्त आहे, याचा विचार करावा. सामाईक पेट्या, राखीव प्रतींची योजना, कागदाची प्रतिमा थेट पेटीत पाठविणारे प्रतिमालेखक यांच्या मांडणीत ज्या यंत्राचे नाव लिहिलेले असते, त्याचे नाव राखावे व दुसऱ्याचे बदलावे. विंडोजमध्ये बदल अमलात येण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. ॲपलच्या संगणकात दिसणारे नाव व जाळ्यावरील नाव वेगवेगळे असू शकते; दोन्ही तपासावीत. त्यानंतर इतर संगणकांच्या स्मृतीतील जुन्या नोंदी पुसाव्यात व राउटरच्या यादीत नवे नाव उमटल्याची खात्री करावी.

नाव बदलल्याने आधीच झालेले नुकसान मात्र भरून निघत नाही. म्हणून दोन्ही संगणकांच्या राखीव प्रती एकदा उघडून, त्यांत कोणत्या संगणकाची माहिती आहे हे पाहावे आणि ज्याची प्रत आढळणार नाही, त्याची नव्याने घ्यावी. ही तपासणी हा निवारणाचाच भाग होय.

काही उपाय केवळ आभासात्मक असतात. नेटबायॉस बंद केल्यास सूचना येणे थांबते. परंतु इतर पद्धतींत दोन्ही यंत्रांचे नाव एकच राहते. बहुप्रेषण पद्धतीतील आपोआप जोडला जाणारा अंकही असाच फसवा ठरू शकतो. यंत्रांच्या दृष्टीने वाद मिटतो. पण इतर संगणकांच्या मांडणीत लिहिलेले जुने नाव आता दुसऱ्याच यंत्राचे असते आणि माहिती निमूटपणे तिकडे जाऊ लागते. सूचना देणाऱ्या संघर्षापेक्षा असा मूक संघर्ष अधिक हानिकारक होय. आपल्या यंत्राच्या नावापुढे न दिलेला अंक दिसला, तर ती संघर्षाची नोंदच समजावी.

सुरक्षितता : हरकत घेणारे यंत्र खरोखरच नावाचे धारक आहे किंवा नाही, हे पडताळण्याची सोय मूळ नेटबायॉस पद्धतीत नाही. त्यामुळे जाळ्यात शिरलेले दुष्ट यंत्र खोटी हरकत घेऊन दुसऱ्याला त्याचे नाव सोडावयास लावू शकते. या दोषाबाबत मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये सूचनापत्रक व सुधारणा प्रसृत केली होती. घरातील सर्व यंत्रांची नावे परस्परभिन्न असूनही संघर्षाची सूचना वारंवार येत असेल, तर वाय-फायचा परवलीचा शब्द बदलावा व पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे.

नावांची निवड : संगणकाला नाव कसे द्यावे, या विषयावर डॉन लिब्स यांचे टिपण १९९० मध्ये महाजालाच्या दस्तऐवजमालेत प्रसिद्ध झाले. नावात स्वतःचे नाव घालू नये, ते फार लांब नसावे, रूढ शब्द वापरल्यास बोलताना घोटाळा होतो, एखादा विषय घेऊन त्यातील नावे क्रमाने द्यावीत, अशा स्वरूपाचा त्यातील उपदेश आजही उपयुक्त आहे. नाव १५ अक्षरांच्या आत असावे. त्यात रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह एवढेच असावे, आणि नावांमधील फरक आरंभीच्या अक्षरांतच दिसावा. नद्या वा किल्ले यांची नावे या दृष्टीने सोयीची असतात. मात्र ‘भीमा’ हा शब्द रोमन लिपीत कोणी एका रीतीने, तर कोणी दुसऱ्या रीतीने लिहितो. म्हणून ठरलेले वर्णलेखन टिपून ठेवावे.

बहुप्रेषण पद्धतीत देवनागरी नावही चालते. तथापि नावाच्या प्रत्येक भागाला ६३ बाइटांची मर्यादा असते व देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा व हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली जात असल्यामुळे ‘ग्रंथालय’ या शब्दाला २४ बाइट लागतात. शिवाय ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन निराळ्या रीतींनी साठविता येतो. डोळ्यांना एकच दिसणारी अशी दोन नावे यंत्राला भिन्न वाटतात. म्हणजे नामसंघर्षाच्या नेमकी उलट अडचण उद्‌भवते. म्हणून जाळ्यावरील नाव रोमन लिपीत ठेवून वरवर दिसणारे नाव देवनागरीत लिहिणे श्रेयस्कर.

घरगुती जाळ्यात नोंदणी-अधिकारी नसतो, हे या दोषाचे मूळ असल्याने त्यावरील खात्रीचा उपायही साधा आहे. एका वहीत प्रत्येक यंत्राचे नाव, ते कोठे असते, त्याचा यांत्रिक पत्ता व त्यावर कोणाच्या राखीव प्रती अवलंबून आहेत, एवढे लिहून ठेवावे आणि नवे यंत्र जाळ्याला जोडण्यापूर्वी ती वही पाहावी. बंद असलेली वा प्रवासात असलेली यंत्रे हरकत घेऊ शकत नाहीत. वहीतील नोंद त्यांच्या वतीने ती घेते.